सासूबाईंना गाडी लागते

मी लोकांना गाडी शिकवते. अकरा वर्षं झाली. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणतात, माझ्याकडे इतरांपेक्षा दोन गोष्टी जादा आहेत: पायाखाली एक ब्रेक आणि गळ्यात एक भोंगा. पहिला शाळेने दिलाय, दुसरा माझा स्वतःचा. दिवसातून चाळीस वेळा मी एकच वाक्य ओरडते, "पायाकडे बघू नका, समोर बघा." नवशिक्या माणसाला वाटतं, क्लचवरची नजर काढली तर तो कुठेतरी निघून जाईल. म्हणून तो खाली वाकून बघतो आणि नेमका तेव्हाच समोरून सायकलवाला येतो. मग मी ओरडणार नाही तर काय करणार?

शाळेत मला तोफ म्हणतात. आमच्याकडे आणखी एक शिक्षक आहे, त्याला बर्फ म्हणतात. गाडी नाल्याच्या दिशेने निघाली असली तरी तो विचारतो, "जरा डावीकडे घेऊ या का आपण?" आमच्या दोघांचेही विद्यार्थी पास होतात. त्याचे हसत पास होतात, एवढाच फरक.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मावशी, इथून नऊशे किलोमीटरवर राहतात. दोघी रोज दुपारी चार वाजता फोनवर बोलतात आणि नऊ वर्षांत एकदाही भेटलेल्या नाहीत. मावशींचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत आणि सासूबाईंना गाडी लागते. लागते म्हणजे साधीसुधी नाही. शेजाऱ्यांची गाडी सुरू झाल्याचा नुसता वास आला तरी त्या खिडकी लावून घेतात. सात वर्षांपूर्वी आम्ही मावशींकडे जायला निघालो होतो. साठ-पासष्ट किलोमीटरवर नदीचा लांबलचक पूल आहे. तिथे पोचेपर्यंत त्यांच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. पुलावरूनच गाडी वळवली आणि दुसरा पूर्ण दिवस त्या सलाइनवर होत्या. त्यानंतर घरात कोणी हा विषय काढला नाही. रेल्वे त्या गावाला जात नाही, आणि जात असती तरी ती त्यांना लागलीच असती.

आणि मग या वर्षी एका दुपारी फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी कांदा चिरत होते.

"ताईला दिसायचं कमी झालंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. मग नुसता उजेड-अंधार कळेल. मला म्हणते, तुझा आवाज रोज ऐकते गं, तोंड बघायचं राहिलंय."

मी सुरी खाली ठेवली.

"मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोरीच्या सुट्टीत. अजून अडीच महिने आहेत."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घराची शांतता गेली.

माझा नवरा काचेच्या कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळतो. त्याने बांधलेलं खोकं तिसऱ्या मजल्यावरून टाकलं तरी आतला पेला फुटत नाही. लग्नाआधी माझ्यावर छाप पाडायला त्याने खरोखर टाकून दाखवलं होतं, आणि पडलीही माझ्यावर छाप, खोटं कशाला बोलू. अडचण एवढीच की त्याच्या हाताला दुसरी पद्धत ठाऊक नाही. एका पेल्याला तो चार पेल्यांची जागा देतो. निघायला तीन आठवडे असताना त्याने कारखान्यातून फुगेवाल्या प्लास्टिकची एक अख्खी गुंडाळी विकत आणली. मग टॉर्च, फणी, औषधांचा डबा, माझी चप्पल, सगळं त्या प्लास्टिकमध्ये जाऊ लागलं. एका संध्याकाळी तो ओट्याशी उभा राहून लिंबं गुंडाळत होता. सहा लिंबं, प्रत्येक वेगळं, तीन-तीन थरांत, वर चिकटपट्टी.

"लिंबं फुटत नाहीत रे," मी म्हटलं.

"दबतात," तो म्हणाला. "आईला उलटीसारखं झालं तर लिंबू हाताशी पाहिजे."

त्याचं सगळं आईभोवतीच चाललं होतं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की झोपलेल्या माणसाला गाडी लागत नाही. म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर त्याने आईसाठी एक घरटंच बांधायला घेतलं. खाली फोमची गादी, कडेला थर्माकोलच्या भिंती, मानेखाली दोन उशा, पायांखाली एक. आई त्यात अर्धी आडवी राहणार आणि पट्टा कमरेवरून जाणार. मी शिक्षिकेच्या नजरेने पट्टा तपासला, तो मात्र त्याने नीट बसवला होता. त्या घरट्याने मागच्या तीनपैकी दोन जागा खाल्ल्या. उरलेल्या जागेत आमची बारा वर्षांची मुलगी बसायची होती. तिला घरात सगळे खार म्हणतात, कारण ती मिळेल ती वस्तू मिळेल त्या फटीत साठवते. गाडीच्या दारांचे कप्पे, सीटखालची पोकळी, जादा चाकाचा खळगा, सगळीकडे तिची बिस्किटं, पत्ते, रंगीत पेनं आणि दोन जाड पुस्तकं आधीच जाऊन बसली होती.

निघायच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी आम्ही तालीम केली. सगळं सामान भरून बघायचं, असं मी फर्मान काढलं होतं. माझी यादी होती एकाहत्तर गोष्टींची. अठ्ठाविसाव्या गोष्टीला डिकी भरली. मी नवऱ्याला म्हटलं, तुझी वेष्टनं काढ. तो म्हणाला, खारीची पुस्तकं काढ. खार म्हणाली, आईची यादी काढा. मग पाऊण तास आम्ही तिघे रस्त्यावर उभे राहून भांडलो. समोरचा चष्मेवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला आणि त्याने चहा मागवला.

"ती गादी काढा," सासूबाई पायरीवरून शांतपणे म्हणाल्या. "मला नकोय ती."

"आई, तू यात पडू नकोस," नवरा म्हणाला. "गादी तुझ्यासाठीच आहे."

"म्हणून तर सांगतेय," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. कोणी लक्ष दिलं नाही.

त्यांची स्वतःची तयारी वेगळीच चालू होती. दुपारी फोन झाला की त्या गाडीची किल्ली मागून घ्यायच्या आणि दारात उभ्या असलेल्या बंद गाडीत तासभर बसून राहायच्या. सवय व्हावी म्हणून, असं आम्ही समजलो. बसायच्या मात्र चालवणाऱ्याच्या सीटवर. "इथे धरायला काहीतरी आहे," म्हणायच्या. सकाळी फिरायला जायच्या त्या दोन-दोन तास येत नसत. पातळ तळव्यांचे सपाट बूट घेतले. डोळ्यांचा नंबर तपासून आल्या. मी रोज अनोळखी लोकांच्या डोक्यात शिरून ते पुढच्या क्षणी काय चूक करणार हे ओळखते, आणि माझ्याच घरातली बाई काय करतेय हे मला ओळखता आलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

निघायला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी माझा साडेअकराचा विद्यार्थी आला नाही. दात दुखतोय, असा त्याचा फोन आला. माझ्या तासाच्या आधी बऱ्याच लोकांचे दात दुखतात. मी शाळेच्या पायरीवर बसून यादीतल्या गोष्टी खोडत होते. तेवढ्यात बर्फाची गाडी फाटकातून आत वळली, वर शिकाऊ चालकाची पाटी. चालवणाऱ्या बाईने डोक्याला रुमाल बांधला होता, डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा होता आणि वळताना तिने इंडिकेटर दिला नव्हता. मला राहवलं नाही.

"अहो बाई," मी जागेवरूनच तोफ डागली, "इंडिकेटर काय शोभेला लावलाय? मागचा माणूस काय मनकवडा आहे?"

गाडीने एक आचका दिला आणि ती फाटकातच बंद पडली. बाईने चष्मा काढला. सासूबाई.

मी उठून उभी राहिले आणि माझी यादी वाऱ्याने उडून गेली. बर्फ आपल्या बाजूने उतरला, त्याने यादी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बाकी सगळं छान चालवतात हो. आपण आवाज जरा कमी ठेवू या का?"

आम्ही दोघी आवारातल्या बाकावर बसलो. मला आधी रागच आला. दोन महिने घरातल्या घरात लपवाछपवी, आणि तीही माझ्याच शाळेत. मालकांना ठाऊक, बर्फाला ठाऊक, पाणी भरणाऱ्या बाईंनासुद्धा ठाऊक. मी तासाला बाहेर गेले असेन तेव्हाच यांचा तास ठेवायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"ही ताईची कल्पना," सासूबाई रुमाल सोडत म्हणाल्या. "आमचे वडील जन्मभर ट्रक चालवायचे. एवढे घाट चढले-उतरले, कधी काही झालं नाही. पण कोणी त्यांना गाडीत मागे बसवलं की पहिल्या वळणाला त्यांना उलटी. ताई म्हणाली, तू त्यांच्यावर गेलीयस. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही. तू चालवत ये."

"आणि लागत नाही?"

"आजवर एकदाही नाही. काल चाळीस किलोमीटर झाले."

मी हिशोब करत बसले. सहासष्ट वर्षांची बाई. घरी येऊन भाजी निवडतेय, फोनवर बोलतेय, आणि सकाळी गाडी चालवून आलेली आहे.

"मग माझ्याकडे का नाही शिकलात, आई? मी काय परकी आहे?"

"तू रोज संध्याकाळी येऊन सांगतेस ना, आज कोण कसं गाढवासारखं चालवत होतं. त्याची नक्कलही करतेस. मी हसते. चांगली करतेस नक्कल. पण मला त्या लोकांत बसायचं नव्हतं."

अकरा वर्षांत मला कोणी इतकं खरं बोललं नव्हतं आणि इतक्या हळू आवाजात तर नक्कीच नाही. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशीचे माझे दोन तास मी न ओरडता घेतले. दुसऱ्या तासाला विद्यार्थ्याने विचारलं, तुम्हाला बरं नाहीये का?

परीक्षा शुक्रवारी होती आणि आम्ही निघणार शनिवारी. पास झाल्या तर त्या गाडी चालवत बहिणीकडे जाणार. नापास झाल्या तर पुढची तारीख महिन्यानंतरची, खारीची सुट्टी संपलेली, आणि मावशींचे डोळे काही थांबणार नाहीत. मग एक तर घरट्यात आडवं पडून पुलापर्यंत जाऊन यायचं, नाही तर घरीच राहायचं. नवऱ्याला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. "तो घाबरेल. आणि मग मला आणखी दोन उशा लावेल." मी मूग गिळून गप्प बसले. घरी येऊन बघते तर त्याने घरट्याला आतून मऊ कापड लावायला घेतलं होतं.

बुधवारी बर्फाला ताप आला. बर्फाला ताप, यावर शाळेत दिवसभर सगळे हसले, मी सोडून. कारण सासूबाईंचं घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची, तिथे. हँडब्रेक सोडला की गाडी मागे सरकायची, त्या दचकायच्या, क्लच सुटायचा आणि गाडी बंद पडायची. परीक्षेत चढ हमखास विचारतात.

गुरुवारी सकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू ये," म्हणाल्या. "पण दोन अटी. तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि तो तुझा पाय ब्रेकवर नको. तुझा पाय नुसता हलला तरी मला कळतं आणि वाटतं, झालं, चुकलं माझं."

पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता सरळ वर चढतो. तिकडे वर्दळ नसते, म्हणून आम्ही सगळे शिकवायला तिथेच जातो. पायथ्याशी पोचल्यावर मी बाटलीतून एक मोठा घोट घेतला आणि तो गिळलाच नाही. तोंडात पाणी धरून बसले. मला माझ्यावर तेवढाच भरवसा होता. पायांची मांडी घालून ते सीटवर घेतले. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, म्हणजे होता, पण माझा पाय वर होता.

चढाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे गेली. माझे दोन्ही गाल फुगले. त्यांनी आवाज चढवला तो गाडीचा, आणि गाडी पुन्हा बंद पडली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी मागे एक दूधवाला येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न दिला. माझ्या तोंडात त्या दूधवाल्यासाठी एक अख्खं वाक्य तयार होतं. पण पाणी होतं. मग सासूबाई स्वतःशीच हळूहळू बोलू लागल्या, "थांब. आधी क्लच वर येऊ दे. गाडीचं नाक उचललेलं कळतंय का बघ. कळलं. आता सोड." आणि गाडी कपभर चहासुद्धा सांडला नसता अशी वर गेली.

टाकीपाशी पोचल्यावर मी दार उघडून पाणी थुंकले. त्या दिवशी त्यांनी तो चढ अकरा वेळा चढवला आणि मी बाटली संपवली.

शुक्रवारी परीक्षा झाली. मी बाहेर फेऱ्या मारत होते. माझे शेकडो विद्यार्थी त्या मैदानातून गेलेत, मी कधी मान वर करून बघितलं नाही. त्या दिवशी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या, रुमाल घडी करत.

"एकदा बंद पडली," म्हणाल्या. "साहेब म्हणाले, पडते कधीकधी. चढ विचारलाच नाही. पास. लायसन्स संध्याकाळी मिळेल."

मग दोघीही मैदानाच्या कट्ट्यावर बसून हसलो. मला हसता हसता रडू आलं, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी साडेसहाला आमच्या दारात जे चाललं होतं त्याला तयारी म्हणणं धाडसाचं होतं. डिकी दोनदा भरून दोनदा रिकामी केली. नवरा सगळ्यात मोठं गाठोडं हातात घेऊन गाडीभोवती फिरत होता. खारीने तिसऱ्या जागेत बसून पाहिलं तर तिच्या मांडीवर दोन पिशव्या आणि डोक्यावर थर्माकोल. चष्मेवाल्याने आज दुकान लवकर उघडलं होतं.

"काहीतरी इथेच ठेवावं लागेल," नवरा शेवटी हात टेकून म्हणाला.

"गादी ठेव," सासूबाई म्हणाल्या. त्या सपाट बूट घालून, पदर खोचून पायऱ्या उतरत होत्या.

"आई, पुन्हा तेच? तू झोपणार कुठे मग?"

"मी झोपले तर गाडी कोण चालवणार?" असं म्हणून त्यांनी पर्समधून लायसन्स काढून त्याच्या हातातल्या गाठोड्यावर ठेवलं.

त्याने ते वाचलं. उलटं करून मागची बाजू वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"तू शिकवलंस?"

"नाही. बर्फाने. चढ तेवढा मी."

"ओरडली नाहीस?"

"तोंडात पाणी होतं," मी म्हटलं.

"फोटो बरा आलाय की नाही?" सासूबाईंनी विचारलं.

तो पुन्हा लायसन्सकडे बघू लागला. मला वाटलं, आता नाही म्हणणार. खारसुद्धा श्वास रोखून बसली होती. त्याने गाठोडं खाली ठेवलं आणि मागच्या सीटकडे वळला. मग एकेक करून थर्माकोलच्या भिंती काढल्या, उशा काढल्या, फोमची गादी गुंडाळली. पाठमोराच होता, पण त्याला नाक पुसावं लागलं दोनदा. घरटं निघालं आणि मागे एवढी जागा झाली की माझी एकाहत्तर कलमांची यादी पूर्ण मावली, वर खारीचं आणखी एक पुस्तकही. मागच्या सीटवर आता तो स्वतः बसला, गुडघे जुळवून, लिंबांची पिशवी मांडीवर घेऊन.

मी पुढे सासूबाईंच्या शेजारी बसले. ही आमची घरची गाडी, इथे माझ्या पायाखाली काहीच नाही, नुसती चटई. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा लावला, इंडिकेटर दिला. रस्ता पूर्ण रिकामा होता, तरी दिला. चष्मेवाल्याने उठून उभं राहून हात हलवला.

शहर संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. हमरस्त्यावर त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली तेव्हाही नाही. बोलायचं नाही हे जमत होतं, पण डोळ्यांचं काय करू? नवख्या माणसाशेजारी बसले की माझे डोळे आपोआप त्याच्या पायांवर जातात. पाय आधी चुकतात, गाडी मागाहून. त्यामुळे मी मान वाकवून त्यांचे सपाट बूट बघत बसले होते. क्लच पूर्ण दाबला का? आता सोडला का? टाच जमिनीला आहे का? एक गाडी पुढे गेली, एक ट्रक मागे पडला, मला त्यांचं काही दिसलं नाही. फक्त ते दोन बूट वर-खाली होत होते आणि खालची चटई थरथरत होती. मग माझ्या कपाळाला घाम आला. तोंडात पाणी सुटलं, या खेपेला बाटलीतलं नव्हे.

"आई, गाडी बाजूला घेता का जरा?" मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. बर्फासारखा आला.

त्यांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, वेग कमी करत अलगद कडेला घेतली. इतक्या व्यवस्थित गाडी कडेला घेणारे माझे विद्यार्थी मी बोटांवर मोजू शकेन. मी दार उघडून झाडाखाली धावले. मागून नवऱ्याचा आवाज येत होता, "लिंबू, लिंबू आहे माझ्याकडे." आणि मग प्लास्टिकचे फुगे फुटल्याचा आवाज, चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज, आणि खारीचं हसणं. तीन थर निघून लिंबू हातात यायला त्याला पाच मिनिटं लागली. तोवर मला त्याची गरज राहिली नव्हती.

मी परत येऊन सीटवर बसले तेव्हा सासूबाईंनी अर्धं लिंबू माझ्या नाकाशी धरलं. त्यांचा चेहरा ताजातवाना होता, गाल लाल झाले होते. त्या सत्तर किलोमीटर चालवून आल्या होत्या.

"पूल कुठे राहिला?" मी विचारलं.

"मागे गेला की," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली. मी तुला दाखवणार होते, पण तू खालीच बघत होतीस."

मी मागे वळून पाहिलं. रस्त्याच्या टोकाला पुलाचे खांब बारीक दिसत होते. सात वर्षांपूर्वी आम्ही त्यांना तिथून अर्धमेल्या अवस्थेत परत आणलं होतं. आज त्या तो पूल ओलांडून आल्या आणि मी, गाडीतली एकमेव शिक्षिका, तो पाहिलाच नाही.

त्यांनी गाडी सुरू केली. माझा पट्टा लावला आहे की नाही ते बघितलं, आरशात बघितलं, आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पायाकडे बघू नकोस. समोर बघ."

मी समोर बघितलं. आठशे तीस किलोमीटर उरले होते आणि माझं पोट हळूहळू जागेवर येत होतं.